आवाज ठेवायला दिला होता

आमच्या आवाजवाल्या बाईंबद्दल लिहायला बसलोय, पण आधी थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. त्याला इलाज नाही. मी घाऊक भाजी बाजारात लिलाव पुकारायचो. सकाळी गाड्या लागल्या की कांद्याच्या, बटाट्याच्या, कोबीच्या ढिगापुढे उभं राहायचं आणि बोली चढवत न्यायची, हे माझं काम. भोंगा मी कधी हातात धरला नाही. बाजारच्या संघटनेनं एकदा कौतुकानं आणून दिला होता, तो मी शेजारच्या गाळ्यातल्या टोमॅटोवाल्याला देऊन टाकला. या आवाजावर माझं घर उभं राहिलं, मुलीचं शिक्षण झालं, आणि याच आवाजापायी आजूबाजूच्या चार घरांशी माझं बोलणं बंद झालं. अशा माणसाला डॉक्टर एक दिवस अगदी शांतपणे सांगतात की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

मला आधी राग आला, भीती नंतर. मी डॉक्टरांशी भांडलो, टॅक्सीवाल्याशी भांडलो, घरी येऊन बायकोशी भांडलो. आवाज आहे तोवर भांडून घेत होतो म्हणा ना. बायको शाळेच्या ग्रंथालयात आयुष्य काढून निवृत्त झालेली. ती शांतपणे म्हणाली, "झालं का? आता हे वाचा." डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर एका स्पीच थेरपिस्ट बाईंचा पत्ता होता. ऑपरेशनच्या आधी यांच्याकडे जाऊन या, असं खाली लिहिलेलं.

त्या बाई म्हणजे आमच्या आवाजवाल्या बाई. हे नाव माझ्या बायकोनं ठेवलं आणि तेच आमच्या घरात रुळलं.

त्यांचं काम चालतं किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांमध्ये. जिना इतका अरुंद की वरून कोणी येत असलं तर खालच्यानं परत फिरायचं. बाहेरच्या खोलीत एक बाक, मुलांसाठी ठोकळे, आणि कोपऱ्यात एका स्टुलावर जुना कॉम्प्युटर. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. खाली किल्लीवाल्याचं मशीन दात विचकल्यासारखं किंचाळत असतं. त्यावर बाईंनी तोड काढली आहे. खिडकीतून एक दोरी खाली सोडली आहे आणि तिच्या टोकाला घंटी. ती वाजली की किल्लीवाला मशीन बंद करून चहा प्यायला बसतो. माझ्या आजारपणात त्या माणसानं किती चहा रिचवला असेल, देव जाणे.

बाई चाळिशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, बारा महिने पायात मोजे. त्यांची एक गोष्ट माझ्या लगेच ध्यानात आली. समोरचा बोलता बोलता अडकला तर त्या त्याचं वाक्य पुरं करत नाहीत. कितीही वेळ लागो, थांबतात. मला हे फार अवघड वाटलं, कारण मी दुसऱ्याचं वाक्य सुरू होण्याआधीच पुरं करणारा माणूस. एकदा मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "माझे बाबा अडखळायचे. आई इतकी प्रेमळ की त्यांचं प्रत्येक वाक्य तीच संपवायची. बाबांना नेमकं काय म्हणायचं होतं, ते आम्हाला कधी कळलंच नाही." एवढं बोलून त्या माझ्या घशात बॅटरी मारून बघायला लागल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ऑपरेशनच्या आधी माझ्या आवाजात बरीच वाक्यं रेकॉर्ड करायची. पुढे एक प्रोग्रॅम ती वाक्यं ऐकून आवाज शिकतो. मग मी टॅबलेटवर जे टाइप करीन ते तो बोलून दाखवणार. "तुमच्यासारखं बोलेल," त्या म्हणाल्या. "अगदी तुम्ही नाही, पण घरच्यांना ओळखू येईल इतपत तुम्ही."

मी विचारलं, "आणि हे सगळं ठेवणार कुठे?"

बाजारात ज्याचं आयुष्य गेलं त्याला हा प्रश्न आधी सुचतो. माल चांगला असतो, गोदाम वाईट असतं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहराच खुलला. म्हणाल्या, "काका, इतक्या वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं."

मग काय, त्यांची गाडी जी सुटली ती सुटलीच. माझी रेकॉर्डिंग चालू होती तेवढे सगळे दिवस, मध्ये मी पाणी प्यायला थांबलो की त्या त्यांच्या गोदामाची गोष्ट सांगायच्या. बाई पूर्वी हॉस्पिटलमध्ये नोकरीला होत्या. प्रत्येक पेशंटच्या नोंदी, कोणता शब्द कुठे अडतो, कोणत्या आठवड्यात काय जमलं, सगळं एका चकचकीत ॲपमध्ये लिहायच्या. एक दिवस कंपनीकडून गोड शब्दांत मेल आला की आम्ही ही सेवा बंद करत आहोत, आपलं सामान काढून घ्यावं. बाईंनी काढून घेतलं. नोंदी आल्या पण तारखा आल्या नाहीत, रेकॉर्डिंग आली पण कोणाची कोणती ते गेलं. घर हलवताना सगळ्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या कोणी उपटून टाकाव्यात तसं झालं. मग त्या दुसऱ्या कंपनीकडे गेल्या. तिथे वर्षभरानं अटी बदलल्या. सेवा सुधारण्यासाठी आपली रेकॉर्डिंग आमची माणसं ऐकू शकतील, असं बारीक अक्षरात लिहिलेलं.

"एक आई माझ्यापाशी येऊन रडते," बाई म्हणाल्या. "आपलं पोर वर्गात अडखळतं हे ती मला सांगते. कंपनीला नाही सांगत. मी कोण ते पुढे ऐकवणारी?"

हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. मी आयुष्यभर चढे आवाज ऐकले. खाली गेलेल्या आवाजाची मला त्या दिवशी थोडी धास्तीच वाटली.

तेव्हापासून त्यांनी ठरवलं की पेशंटचा शब्द आपल्या छताखाली राहील. कोपऱ्यातल्या स्टुलावरचा जुना कॉम्प्युटर त्यासाठीच. पण त्याच्यात कोणते प्रोग्रॅम घालायचे ते निवडताना बाईंनी जी पद्धत काढली, तिला मी मानलं. त्यांनी एक पेशंट जन्माला घातला. त्याचं नाव खोटे आजोबा. खोट्या आजोबांना जन्मतारीख होती, खोकला होता, 'र' नीट म्हणता येत नव्हता, आणि त्यांचा स्वभाव तिरसट होता असंही बाईंनी नोंदीत लिहिलं होतं. नवं ॲप आलं की आजोबांना त्यात भरती करायचं. ॲप दिसायला कसं आहे, काय काय करतं, हे नंतर. आधी आजोबांना तिथून बाहेर काढायचं आणि दुसरीकडे नेऊन उघडायचं. जन्मतारखेसकट, खोकल्यासकट, तिरसटपणासकट बाहेर आले तर ॲप पास.

"एका ठिकाणी आजोबा आले पण खोकला आतच राहिला," बाई सांगत होत्या. "एका ठिकाणी तर आजोबा अडकलेच. आत जायचा रस्ता एवढा मोठा, आणि बाहेर यायचं म्हटलं तर पैसे भरून वरचा प्लॅन घ्या म्हणाले."

"मग?"

"मग काय, ठेवले तिथेच. असतील अजून." आणि त्या गालातल्या गालात हसल्या.

शेवटी नोंदींसाठी त्यांनी अगदी साधं ॲप घेतलं. त्यात सगळं साध्या मजकुराच्या फाइलीत राहतं, उद्या ते ॲप बुडालं तरी कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे ते कसं बनवलंय ते सगळ्यांसमोर मांडून ठेवलेलं असतं. हलवाई दुकानाच्या दारातच पदार्थ करतो, तसं. ज्याला समजतं तो बघतो, चुकलं तर ओरडतो. "मला त्यातलं काही समजत नाही," बाई म्हणाल्या. "पण बघणारे आहेत, एवढं मला पुरतं." जिथे अडायच्या तिथे त्या कुठल्या कुठल्या चर्चेच्या पानांवर प्रश्न टाकायच्या आणि जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातला माणूस, ज्याचं तोंडही कधी दिसणार नाही, तो बसून उत्तर लिहायचा. त्याची फेड म्हणून बाईंनी त्या प्रोग्रॅमांची सगळी बटणं मराठीत करून दिली. घरी, जेवण झाल्यावर, महिनोन् महिने. कोणी सांगितलं नव्हतं.

फोन, टॅबलेट आणि कॉम्प्युटर यांच्यात सगळं सारखं राहावं म्हणून सिंकचा एक प्रोग्रॅम होता. तो एका यंत्रातून थेट दुसऱ्या यंत्रात फाइली पोचवतो. बाई कौतुकानं म्हणाल्या, "मधला माणूसच नाही काका."

मी म्हटलं, "बाई, मी आयुष्यभर मधलाच माणूस होतो."

त्या ओशाळल्या. मग म्हणाल्या, "पण तुम्ही माल घरी नेऊन ठेवत नव्हतात ना?" मी पाण्याचा पेला ठेवला आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.

उरला बॅकअप. तो या खोल्यांत ठेवून उपयोग नाही, आग लागली तर मूळ आणि प्रत दोन्ही जाणार. म्हणून बाईंची धाकटी बहीण कामाला आली. तिची गावाच्या दुसऱ्या टोकाला लाँड्री आहे. तिथे एका फळीवर, धुतलेल्या पडद्यांच्या वर, पावाच्या लादीएवढं एक यंत्र ठेवलेलं. रोज दुपारी बाईंच्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्याची प्रत कुलूपबंद होऊन तिथे जाते आणि जुन्या प्रतीही तशाच राहतात. बहिणीला ते उघडता येत नाही आणि तिला उघडायचंही नाही. ती मला नंतर म्हणाली, "ताईचं यंत्र म्हणजे आमच्याकडे धुवायला टाकून कोणी न्यायलाच न आलेला कोट."

आणि दर महिन्याला एकदा बाई त्या बॅकअपमधून कुठलंही एक रेकॉर्डिंग परत काढतात आणि बसून पूर्ण ऐकतात. नुसती फाइल दिसून भागत नाही. "ऐकल्याशिवाय ते आहे असं म्हणायचं नाही," हा त्यांचा नियम.

रेकॉर्डिंगचं म्हणाल तर पहिले दोन दिवस माझ्यामुळे वायाच गेले. माइक दिसला की मी बोली लावल्यासारखा ओरडायचो आणि पडद्यावरची रेघ लाल व्हायची. "काका, इथे कांदे नाहीत," बाई म्हणायच्या. "घरात बोलता तसं बोला." मी म्हटलं मी घरात असाच बोलतो. त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं, बायकोनं मान डोलावली. मग बाईंनी माइकच लांब नेऊन ठेवला. हवामानाची वाक्यं झाली, बाजारहाटाची झाली, फोनवर बोलायची, डॉक्टरांशी बोलायची, रागावायची, समजूत घालायची. समजूत घालायच्या वाक्यांना फार वेळ लागला, सवय नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेवटची बैठक झाली आणि तिच्यात फक्त आकडे. ते मी मागून घेतले होते. एकपासून सुरू करून, बाजारात पुकारायचो तसे, चढत्या सुरात. बाईंनी त्या दिवशी रेघ लाल होऊ दिली.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यातून श्वास, आणि हातात एक पांढरी पाटी. लिहून भांडता येत नाही हे मला तेव्हा कळलं. तुम्ही मुद्दा लिहून पाटी वर धरेपर्यंत समोरचा माणूस स्वयंपाकघरात निघून गेलेला असतो.

बाईंकडे माझ्याआधी आणखी दोघांचे आवाज बनायचे होते. एकेकाला त्यांचा कॉम्प्युटर कित्येक दिवस लागतो, म्हणून रांग होती. तोवर त्यांनी माझी सगळी रेकॉर्डिंग सिंक करून बायकोच्या फोनवर दिली होती. नेहमी त्या घरच्यांच्या फोनला फक्त घ्यायची मुभा देतात. आमच्या बाबतीत उलटीकडूनही वाट उघडी ठेवली, कारण बायकोकडे माझे जुने व्हॉइस मेसेज होते. दूध आण, उशीर होईल, तुझ्या बहिणीला नाही म्हणून सांग, असले. तेही त्या फोल्डरात टाका, आवाज शिकायला उपयोगी पडतील, असं बाई म्हणाल्या होत्या. बायकोनं ते सगळे तिकडेच हलवले, मूळ जागी ठेवले नाहीत.

पुढे काय झालं ते माझ्या बायकोच्याच हातून होऊ शकलं असतं, दुसऱ्या कोणाच्या नाही. हॉस्पिटलचे रिपोर्ट, औषधांचे फोटो यांनी फोन तुडुंब भरला आणि जागा नाही, जागा नाही म्हणून कुरकुरायला लागला. बायको ग्रंथपाल. शाळेच्या ग्रंथालयात जागा कमी पडली की ती काय करायची? ज्या पुस्तकाची दुसरी प्रत सुरक्षित आहे ते आधी काढायची. तिनं विचार केला, यांचा आवाज बाईंकडे आहेच, मग इथली प्रत कशाला? नीट विचार करून, चष्मा लावून, तिनं ते फोल्डर पुसलं.

काही दिवसांनी बाई आमच्या घरी आल्या. फोन न करता आल्या तेव्हाच मला शंका आली. बसल्या, पाण्याचा पेला तसाच हातात धरला आणि सरळ म्हणाल्या, "काका, आज तुमचा आवाज बनवायला घेतला. फोल्डर रिकामं आहे."

बायको म्हणाली, "मी पुसलंय ते, माझ्या फोनवरचं. पण तुमच्याकडे प्रत आहे ना?"

"माझ्याकडची प्रत तुमच्या प्रतीचं ऐकते काकू. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं ठेवायचं. तुमच्याकडे पुसलं, त्यानं माझ्याकडेही पुसलं. ते इमानदार असतं, शहाणं नसतं." मग त्यांनी पेला खाली ठेवला. "चूक माझी आहे. दुहेरी वाट उघडी ठेवून मी तुम्हाला सांगितलं नाही. आणि पुसलेलं काही दिवस बाजूला राहावं, तेवढी सोयसुद्धा त्या फोल्डरला लावायची राहून गेली."

एरवी काही हरवलं तर माणूस पुन्हा करतो, पुन्हा लिहितो. इथे पुन्हा रेकॉर्ड करायला घसाच नव्हता. त्या फोल्डराबाहेर माझा आवाज जगात कुठेच नव्हता, असला तर लाँड्रीच्या फळीवर. बायको रडली नाही. ती उठली आणि कपाटातली पुस्तकं काढून पुन्हा लावायला लागली, उंचीप्रमाणे. मी पाटीवर 'असू दे' लिहिलं आणि तिच्यापुढे धरलं. ते खरं नव्हतं. तिनं वाचलं, आणि तिलाही ते कळलं.

आम्ही तिघं टॅक्सी करून लाँड्रीत गेलो. वाफ, कडक कपड्यांचा वास, वरच्या दांडीला टांगलेले दुसऱ्यांचे कोट. बाईंनी फळीकडे बघितलं. यंत्राचा दिवा बंद होता.

"हे कधीपासून?" त्यांनी बहिणीला विचारलं.

बहिणीनं हातातली इस्त्री उभी केली. "अगं, हॉटेलचे पडदे आले ना मोठे. नवीन वाफेची इस्त्री लावायला प्लग नव्हता. तात्पुरता म्हणून मीच काढला, आणि डोक्यातून गेलं बघ."

"पडदे कधी आले?"

बहीण आठवायला लागली. बाई थांबल्या. घाई केली नाही, तिचं वाक्य ओढून घेतलं नाही. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि बाई थांबल्या होत्या. शेवटी बहिणीच्या लक्षात आलं. पडदे आले ती दुपार माझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची होती. बाईंना बॅकअप झाला नसल्याचे निरोप फोनवर येत होते, पण त्यांना वाटलं बहिणीकडे वीज गेली असेल. हेही त्यांनी तिथेच, आमच्यासमोर सांगून टाकलं. सांगायची काही गरज नव्हती.

प्लग लावला. दिवा लागला. बाई इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून उभ्या राहिल्या, कुलपाचा लांबलचक शब्द टाइप केला. पडद्यावर एक बटण आलं, त्याच्यावर लिहिलं होतं, परत आणा. ते शब्द त्यांनीच बसवलेले होते. त्यांनी बटण दाबलं आणि फाइली एकेक करून यायला लागल्या. माझी बायको म्हणाली, "आल्या."

"थांबा काकू," बाई म्हणाल्या. त्यांनी कानाला हेडफोन लावला आणि ऐकायला लागल्या.

आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत उभे होतो. बहिणीनं इस्त्री बंद केली होती. एक गिऱ्हाईक पावती घेऊन आलं, तेही काही न विचारता बाजूला उभं राहिलं. बाई एक संपवून दुसरं ऐकत होत्या, मग तिसरं. एका ठिकाणी त्या हसल्या. मग हेडफोन काढून म्हणाल्या, "आहात काका. हवामानापासून समजूत घालायपर्यंत सगळे आहात."

आकडे मात्र नव्हते. शेवटची बैठक त्या यंत्रापर्यंत पोचलीच नव्हती, आणि व्हॉइस मेसेजही गेले. बाईंनी दोनदा शोधलं, मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. त्या क्षणी मला वाईट वाटलं हे मी नाकारत नाही. माझा सगळ्यात उंच सूर त्या आकड्यांत होता. पण परत येताना टॅक्सीत विचार केला, घरात आकडे कोणाला पुकारून दाखवायचेत? बाजारानं माझे आकडे पुरेसे ऐकले आहेत.

त्या संध्याकाळी बायकोनं मला विचारलं, "रागावलात का माझ्यावर?" मी पाटीवर 'नाही' लिहिलं. या वेळी ते खरं होतं. ज्या पद्धतीनं ती आयुष्यभर वागली तशीच वागली. पुढे बाईंनी माझ्याकडून ऐकलं की खरं म्हणजे दुसरी प्रत आहे का हे बघून मगच पुसण्यात ग्रंथपालाचं शहाणपण आहे, आणि आमच्यासारख्या कुटुंबांना समजावताना त्या आता हेच उदाहरण देतात, बायकोचं नाव न घेता. बायकोला ते कळलं आहे. तिला आवडलं नाहीये, पण चालतंय.

मी त्या बाईंचा ऋणी आहे, आणि हे सरळ लिहून टाकतो, कारण लिहिण्याशिवाय दुसरी सोय नाही. आपली चूक आपणहून कबूल करणारी माणसं मी बाजारात फार बघितली नाहीत. आणि त्या बिनचेहऱ्याच्या लोकांचाही मी ऋणी आहे. कोणीतरी कुठेतरी बसून फुकट असा प्रोग्रॅम लिहिला, दुसऱ्यानं तपासला, तिसऱ्यानं बाईंच्या प्रश्नाला उत्तर दिलं, आणि त्यातून लाँड्रीतल्या पडद्यांच्या वर एका लिलाववाल्याचा आवाज शाबूत राहिला. त्यांना माझा पत्ता नाही आणि मला त्यांचा. आभार कोणाला पाठवायचे कळत नाही, म्हणून मी बाईंच्या मागे लागून एका प्रोग्रॅमचं मराठी तपासायला घेतलंय. बटणांवरचे शब्द मला फार मिळमिळीत वाटतात. बाई म्हणतात, काका, बटणांनी ओरडायचं नसतं.

आवाज तयार व्हायला बरेच दिवस लागले. मग एका दुपारी बाई टॅबलेट घेऊन आल्या. "थोडी सर्दी झाल्यासारखा वाटेल," त्यांनी आधीच बजावून ठेवलं. "आणि आवाजाचं बटण मी मध्यावर ठेवलंय."

मी ते पूर्ण वर नेलं. बायको आत भांडी घासत होती, नळ चालू होता. बाई आल्याचं तिला कळलंच नव्हतं. पहिलं वाक्य काय बोलायचं याचा मी दोन आठवडे विचार करून ठेवला होता. चांगलं भारदस्त वाक्य होतं, त्यात तिचे आभार होते, डॉक्टरांचे होते, बाईंचे होते. टाइप करायला बोट उचललं आणि ते सगळं मला परक्या माणसाचं वाटायला लागलं. मी ते पुसलं आणि जे आलं ते टाइप केलं.

"अगं, माझा चष्मा कुठाय?" खोली भरून माझा आवाज आला. सर्दी झालेला, पण माझा.

नळाच्या आवाजावरून आतून तडक उत्तर आलं, "टीव्हीपाशी बघा. आणि ओरडू नका हो, ऐकू येतंय मला."

मग नळ बंद झाला. बाई थांबल्या, मीही थांबलो. ती दारात आली, हात कोपरापर्यंत साबणाचे. तिनं बाईंकडे बघितलं, टॅबलेटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"परत विचारा," ती म्हणाली.

चष्मा माझ्या नाकावरच होता. मी परत विचारलं.